म्हातारा म्हणाला, ‘पोली’

संशय हा माझा पगारी धंदा होता. मद्रासजवळच्या आवडी या गावी एका संरक्षण कारखान्यात मी तपासनीस होतो. दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची आणि ती वाईटच आहे असं धरून चालायचं. चांगली असेल तर तिने ते सिद्ध करायचं. पंधरा वर्षं हे केलं की माणूस भाजीवाल्याच्या वांग्यालाही गेज लावायला निघतो. बायको म्हणायची, “लग्नाआधी तुम्ही मलाही पास-नापास केलं असणार.”

“तुला दुरुस्ती लागली नाही,” मी म्हणायचो. मला तो विनोद वाटायचा.

बायको डॉक्टर. आठवडाभर नुंगंबाक्कमच्या एका रुग्णालयात आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जव्वादु डोंगरात. तिथल्या एका वस्तीत शाळेच्या पडवीत ती दोन दिवस रोगी तपासायची. डांबरी रस्ता घाट चढून वर संपायचा आणि पुढे दगड, ओढे, लाल माती. म्हणून आम्ही एक जुनी, उंच, चारही चाकांना ताकद जाणारी डिझेल गाडी घेतली होती. गाडी तीच चालवायची. मी शेजारी बसलो की सारखा ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबतो, म्हणून मला नेणं तिने बंद केलं होतं. बरोबर रुग्णालयातली एक सिस्टर असायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. एका खेपेला ओढ्यातल्या दगडाला घासून गाडीचा डावा खालचा आर्म वाकला. आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, गोळा आणि वाटी. त्यामुळे चाक वरखालीही होतं आणि वळतंही. मी हे बायकोला कागदावर काढून दाखवायला लागलो तर ती म्हणाली, “म्हणजे खुबा. तो निखळला तर?”

“तर चाक बाहेर पडतं.”

“घाटात?”

“कुठेही,” मी म्हटलं. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर घाटच होता.

उजवा आर्मही थकलेलाच होता, तेव्हा जोडी बदलायची ठरली. कंपनीचा माल यायला तीन महिने लागतील असं एजंटाने सांगितलं, आणि ते त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की मला तिथेच शंका आली. मग बाहेरचा माल शोधणं आलं. एग्मोर स्टेशनच्या पलीकडे सुट्या भागांचा बाजार होता. तिथे गाडी उभी करून कॉफी प्यायला गेलात तर परत येईपर्यंत तुमचेच आरसे तुम्हाला विकतील, असं कारखान्यात सगळे म्हणत. मी तीन शनिवार तिथे घालवले. खिशात केसभर माप घेणारा व्हर्नियर असायचा. प्रत्येक दुकानदार शेजारच्या दुकानाकडे बोट करून सांगायचा, तिथलं घेऊ नका, डुप्लिकेट. मग मी शेजारच्या दुकानात जायचो आणि तो पहिल्याकडे बोट करायचा. दोघेही खरं बोलत असावेत असं माझं मत झालं.

शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या एका चकचकीत दुकानातून मी जोडी घेतली. खोक्यावर चंदेरी शिक्का होता, उजेडात धरला की रंग बदलणारा. आर्मला काळा रंग सुरेख लागलेला. सगळी मापं बरोबर. गोळ्याची पिन बोटाने फिरवली तर लोण्यासारखी फिरली. तरीही मी आठवड्यात परत करायची अट पावतीवर लिहून घेतली. दुकानदाराने ती लगेच लिहून दिली, याचाही मला थोडा संशय आला, पण शिक्का चांगला होता.

आर्मच्या दुसऱ्या टोकाला रबराचे बुश दाबून बसवायचे होते. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरने सांगितलं की त्या बाजारातच मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याकडे प्रेस आहे, त्याच्याइतका सरळ बुश कोणी बसवत नाही. मी खोकी घेऊन गेलो.

दुकान म्हणजे लाकडी फळ्यांची एक अरुंद खोली. म्हातारा सत्तरीचा असेल. कपाळावर गोपीचंदन, अंगात बिनबाह्यांचा बनियन, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी नेहमीच्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली. माझं तमिळ ‘तण्णी’ आणि ‘एव्वळवु’ यापुढे गेलेलं नव्हतं, पाणी मागायचं आणि किंमत विचारायची. कारखान्यात हिंदीवर आणि इंग्रजीवर भागत होतं. त्याने माझ्याकडे बघून मान कलती केली आणि विचारलं, “तुम्हीं मराठे काय जी?”

मी दचकलो. तो म्हणाला, “आम्ही तंजावरचे. आमचे वडील, आजे, अस्के तेथलेच. या, बसा.”

कुणीही दुसरा असता तर त्याच्या गळ्यात पडला असता. परमुलखात, डिझेलच्या वासात, असं जुनं, गोल, तमिळ हेलातलं मराठी कानावर पडावं! मी मात्र खिसा चाचपला. मद्रासला आलो त्या पहिल्याच वर्षी एका गोड मराठी बोलणाऱ्याने ‘आपण आपली माणसं’ म्हणत एक पंखा माझ्या गळ्यात मारला होता. तो पंखा गरगरायचा खूप, वारा मात्र द्यायचा नाही. तेव्हापासून माझा नियम होता. परक्याशी घासाघीस करावी आणि आपल्या माणसापासून लांब राहावं.

म्हाताऱ्याने खोकं उघडलं. चंदेरी शिक्क्याकडे त्याने पाहिलंही नाही. पिन बोटांत धरली, एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे. मग आर्म परत खोक्यात ठेवला, जरा दूर सरकवला.

“हें कोणीं दिलें तुम्हांस?”

मी सांगितलं.

“नक्को हें घालूं जी. हें अस्कं पोली.”

आधी मला ‘पोळी’ ऐकू आलं, आणि जेवायची वेळ झाली म्हणून म्हातारा घरी जायचं बघतोय असं वाटलं. पण त्याने पुन्हा आर्मवर बोट ठेवून म्हटलं, “पोली, पोली.” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोल म्हणजे पोकळी. ढोलात पोल, तशी आर्ममध्ये पोल. म्हातारा म्हणतोय की हा आर्म भरीव नाही, आतून पोकळ आहे. ‘अस्कं’ म्हणजे सगळं, हे मला मघाशी न सांगता कळलं होतं, म्हणून हेही कळलं असंच मी धरलं. तपासनिसाने असं धरून चालायचं नसतं. पण भाषा माझी होती ना! आपल्याच भाषेची काय तपासणी करायची?

“मग काय घालू?” मी विचारलं, आणि उत्तर मला आधीच माहीत होतं.

तो उठला. फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जोडी काढली. ना खोकं, ना शिक्का, ना रंग. नुसतं तेल फासलेलं. अंबत्तूरचा एक माणूस घडवतो म्हणाला. पिन मी फिरवून पाहिली तर हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुरकुरत थोडी फिरली.

“ही तर जाम आहे. घाटात कशी चालेल?” मी म्हटलं.

“तसेंच असावें,” तो म्हणाला. “घाटांत कोण जातें?”

“बायको.”

“मग हेंच घाला,” तो म्हणाला, आणि ते इतक्या मायेने म्हणाला की माझा संशय पक्का झाला. म्हातारा आपल्या पोळीवर तूप ओढत होता. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची आणि फळीवर गंजत पडलेला आपला माल मराठीतून खपवायचा. मी म्हटलं, “विचार करतो. आता बुश तेवढे बसवून द्या.” मग त्याने बुश बसवून दिले, अगदी सरळ, आणि पैसे घेताना काहीच बोलला नाही. ते न बोलणंही मी त्याच्याच खात्यावर लावलं.

तरी मी तपासणी केलीच. पोकळ म्हणाला ना, मग बघू पोकळ आहे का. आर्म हातोडीने ठोकून पाहिला, आवाज बद्द, भरीव. एवढ्यावर मी थांबणारा नव्हतो. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूत आर्मचं वजन करून आणलं. न्हाणीघरात बादली काठोकाठ भरली, आर्म तिच्यात बुडवला आणि सांडलेलं पाणी परातीत धरून बायकोच्या औषधाच्या मापाने मोजलं. वजनाला पाण्याने भागलं. बुशच्या रबराचं थोडं वजा धरलं तर पोलादाचाच आकडा आला. कुठे रेसभर पोकळी नाही. मी ओल्या पायांनी बाहेर आलो आणि घरात कुणी नव्हतं तरी मोठ्याने म्हणालो, “सापडला चोर!”

सांध्यावरच्या रबराखाली गोळा कसा बसवलाय, वाटीची कड किती पातळ आहे, पिन पाणी देऊन कडक केलीय की नाही, यांतलं मी काहीही पाहिलं नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा रोग असतो. तक्रारीत जे लिहिलंय तेवढंच आम्ही तपासतो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “मिळाले का नीट?”

“पास,” मी म्हटलं. “स्वतः तपासलेत.”

म्हाताऱ्याचं मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती, कारण तिचं तमिळ रोग्यांकडून शिकलेलं होतं, पक्कं.

आमच्या त्या फिटरने आर्म गाडीला लावून दिले, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे ती आणि सिस्टर गेल्या. मला सुट्टी होती. सकाळी काही खरेदीला म्हणून मी आवडीहून सेंट्रलला जाणारी लोकल धरली. समोर एक म्हातारे गृहस्थ तमिळ पेपर घेऊन बसले होते आणि शेजाऱ्यासाठी मथळे मोठ्याने वाचत होते. अंबत्तूर गेल्यावर त्यांनी वाचलं, “पोली डॉक्टर कैदु.”

‘डॉक्टर’ मला कळलं. ‘कैदु’ म्हणजे कैद केला असणार. आणि ‘पोली’ तर माझ्या ओळखीचाच शब्द. पोकळ डॉक्टर! मला हसू आलं. बायकोला सांगायला हा चांगला विनोद होता, म्हणून मी त्यांना इंग्रजीत विचारलं की डॉक्टर पोकळ कसा असतो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “पोली म्हणजे पोकळ नव्हे, सार. पोली म्हणजे डुप्लिकेट. डुप्लिकेट डॉक्टर. पोली नोट असते, पोली साबण असतो.”

मला पुढची दोन स्टेशनं आठवत नाहीत. एवढंच आठवतं की माझा हात खिशात व्हर्नियरवर घट्ट आवळला होता आणि त्याचं टोक तळव्यात रुतत होतं. म्हाताऱ्याची दोन बोटं डोळ्यांसमोर आली. त्याने पिन कशी सहज फिरवली होती, आणि ती सहज फिरली म्हणूनच त्याने आर्म दूर सरकवला होता. नवा सांधा घट्टच असायला हवा, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण लोण्यासारखं फिरलं म्हणून मी खूश झालो होतो.

मोबाइल तेव्हा कुणाकडे होता? सेंट्रलसमोरच्या बूथवरून मी डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिथला कंपाउंडर म्हणाला, डॉक्टरअम्मा मघाशीच वर गेल्या. वर फोन नव्हता. मी तसाच जवळच्या पॅरीज नावाच्या भागातल्या बस स्टँडवर गेलो आणि मिळाली ती बस धरली. पायथ्याच्या गावी पोचेपर्यंत वर जाणारी शेवटची बस गेलेली होती. मी स्टँडवर दिसेल त्याला विचारत सुटलो, घाटात काही झालं का, कुठली गाडी पडली का. लोक नाही म्हणायचे. माझा त्यांच्यावरही विश्वास बसेना.

रविवारी पहिल्या बसने मी वर गेलो. प्रत्येक वळणावर उठून खिडकीतून दरीत बघत होतो. कंडक्टर दोनदा ओरडला. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि हे मी आज मोकळेपणाने सांगतो.

गाडी शाळेसमोर फणसाच्या झाडाखाली उभी होती. पडवीत रांग होती आणि रांगेच्या टोकाला ती एका पोराच्या कानात बघत होती. मला पाहून ती ताडकन उठली.

“अहो, तुम्ही? घरी काही झालं का?”

“काही नाही. किल्ली दे.”

जॅक लावून डावं चाक उचललं. दोन्ही हातांनी वरून-खालून धरून हलवलं तर ते टकटक वाजलं. खाली शिरलो. सांध्यावरचं रबर फाटलं होतं आणि आत गोळा वाटीत खुळखुळत होता, पडायला आलेल्या दातासारखा. वाटीची कड एका बाजूला उघडली होती. जेमतेम एक खेप झाली होती, तीही चढणीची. उतरणीवर ब्रेक लागले असते की सगळा भार याच्यावर आला असता. मी गाडीखाली तसाच पडून राहिलो, कारण बाहेर आलो की तिला सांगावं लागणार होतं.

दुपारी रांग संपल्यावर सांगितलं. म्हातारा, पोली, सगळं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, ती रोग्यांचं ऐकते तसं ऐकलं.

“म्हणजे त्यांनी सांगितलं होतं.”

“हो.”

“त्यांना कसं कळलं?”

“बोटाने फिरवून.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“बादलीत बुडवून पाहिलं.”

एरवी ती पोट धरून हसली असती. “तुम्ही त्यांना परत का नाही विचारलंत, पोली म्हणजे काय म्हणून?”

“मला वाटलं खोटं बोलतोय.”

“का पण?”

“मराठी बोलत होता म्हणून,” मी म्हटलं.

तिने सामान आवरलं, औषधांच्या पेट्या शाळेच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि आम्ही तिघं बसने खाली निघालो. घाट उतरत असताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “येताना सिस्टर पुढच्या सीटवर होती. तिला दोन मुलं आहेत.” सिस्टर मागच्या बाकावर गाढ झोपली होती, तिला काहीच माहीत नव्हतं.

सोमवारी मी त्या गल्लीत जायला निघालो तर ती म्हणाली, “मी पण येते.” रुग्णालयातून अर्धा दिवस सुट्टी तिने याआधी माझ्या आजारपणातही घेतली नव्हती.

म्हाताऱ्याने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती जोडी फळीवरून खाली काढली. ती त्याने दुसऱ्या कुणाला विकली नव्हती. मी सरळ माफी मागितली. म्हटलं, तुमचा शब्द मला कळला नाही. पोली म्हणजे मला पोकळ वाटलं. तुम्ही नुसतं डुप्लिकेट म्हणाला असतात तरी मला कळलं असतं.

तो गोंधळला. खरोखरच गोंधळला.

“डुप्लिकेट मी अस्क्यांस सांगतों जी,” तो म्हणाला. “तुम्हीं आपले, म्हणून मराठींत सांगितलों. पोली मराठीच नव्हे काय?”

मी मान खाली घातली. बायकोने मात्र हात पुढे केला आणि म्हणाली, “मराठीच आहे, आजोबा.” तिने आर्म उचलला, पिन दोन बोटांनी फिरवून पाहिली. फिरली नाही. मग माझ्याकडे न बघता तिने त्याला विचारलं, “घाटात चालेल ना?” तो म्हणाला, “धैर्यानें जा, बाई.” तिला तेवढं पुरलं. बादली लागली नाही.

त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक पोत्यात आर्म घालून बसने वर गेला आणि गाडी खाली घेऊन आला. चकचकीत दुकानदाराने आठवडा उलटून गेला म्हणून माल परत घेतला नाही. मी भांडलोही नाही. ती काळी सुरेख जोडी बरीच वर्षं आमच्या माळ्यावर पडून होती.

पुढच्या महिन्यात शुक्रवारी मी गाडीखाली तास दीड तास होतो. प्रत्येक बोल्ट पाहिला, प्रत्येक सांधा पहार लावून उचलून पाहिला. शनिवारी पहाटे ती निघाली तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो.

“सगळं तपासलंय मी,” मी म्हटलं.

तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. “आजोबांनी पाहिलंय ना?” तिने विचारलं.

“काल गाडी नेऊन दाखवलीय,” मी म्हटलं. मग तिने किल्ली फिरवली.